एक लाख म्हणजे एक फूट

मार्चमधला दुसरा रविवार. रक्कम एक कोटी रुपये. हजर तिघे: आई, धाकटा भाऊ आणि मी. लालबागच्या चाळीतली आमची पागडीची खोली आईच्या नावावर आहे. दलालाचं गिऱ्हाईक तिचे कोटी द्यायला तयार होतं आणि आईची सही संध्याकाळपर्यंत हवी होती.

"कोटी, दादा! कधी बघितलेस तरी?" भाऊ म्हणाला. त्याला डोंबिवलीच्या फ्लॅटचं कर्ज फेडायचं होतं.

"नाही बघितले. म्हणूनच बघू या."

मी खडू आणि टेप काढला. एक लाखाला एक फूट धरला. टेपचं दुसरं टोक त्याच्याच हातात दिलं. आमच्या दारापासून निघालो ते गॅलरीच्या टोकाला, जिन्याशी शंभर फूट भरले.

"बघ केवढं लांब!" तो खूष झाला.

शेजारच्या काकू डोकावल्या. "काय रे, लाद्या बदलताय?"

मी जिन्याकडून परत दाराकडे खुणा करत आलो. पागडीची खोली विकली की घरमालकाला द्यावा लागणारा हिस्सा तेहतीस फूट. दलालाचे दोन. उरले पासष्ट, त्यातले निम्मे भावाला हवे होते. आईपुढे साडेबत्तीस राहिले. याच भागात भाड्याने राहायचं तर वर्षाला पाच फूट लागतात.

"भाडं वाढेल ते धरलेलं नाही," मी म्हणालो. "आता पाच-पाच फूट तूच मोज."

तो वाकून मोजू लागला. सहा खुणा झाल्या. सातवी पुरी व्हायच्या आत दार आलं. उंबऱ्यात आई लसूण सोलत बसली होती. तिला चौऱ्याहत्तर पूर्ण झालीत.

"साडेसहा वर्षं," तो हळू म्हणाला.

"माझी आई त्र्याण्णव वर्षं जगली," आई म्हणाली. "मगे काय करू? जिन्यात बसू?"

भावाने टेप गुंडाळला. मग म्हणाला, "दादा, मी गिऱ्हाइकाकडून आगाऊ टोकन घेतलंय. एक्कावन्न हजार. हप्त्यात गेले."

मला संताप आला. पण खडूने दाखवायचे तर ते जेमतेम अर्धा फूट होते, आणि तेवढ्यासाठी खोली सोडायची नव्हती.

"सही नाय करूची मी," आई म्हणाली. "त्याचे पैसे देऊन या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भायखळ्याला दलालाकडे गेलो. "घाट्याचा सौदा करताय," तो म्हणाला. मी आधी पोच लिहून घेतली. गिऱ्हाइकाला परत करण्यासाठी दलालाच्या हातात एक्कावन्न हजार दिले: छत्तीस माझे, पंधरा भावाचे.