तिनं कॅमेऱ्याले सांगतलं होतं

माह्या पोरीले कोणी मुकी म्हणलं की माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. मुकी काऊन? तिले ऐकू येत नाही, बस. बोलायले लागली तर तुमचं-आमचं काही चालत नाही तिच्यापुढं. फक्त ती हातानं बोलते, अन् ते बोलणं आम्ही मायलेकींनी वावरात कापूस वेचता वेचता तयार केलेलं आहे. चिमटीनं बोंडातून कापूस ओढला की ती मी, तिची माय. पंपाचा दांडा वरखाली केला की तिचा बाप, कारण तो लोकाइच्या वावरात फवारणीले जाये. नाक दाबून मान हलवली की विष. मंग भुंकणारं कुत्रं, पिऊन आलेला माणूस, तुटलेली तार, जे जे वाईट त्या सगळ्याइले ती नाकच दाबे. पदर ओढल्यासारखं केलं की ‘ये’. अन् उताणा पंजा, हनुवटी वर, म्हणजे ‘काऊन?’ हे तर दिवसभर चाले. पार डोकं उठवे पोरगी.

ज्या साली बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली, त्या साली तिले बाहेरगावच्या, ऐकू न येणाऱ्या लेकराइच्या निवासी शाळेत टाकलं. बीटीले अळी लागतच नाही, असं छातीठोक सांगणारे कुठं गायब झाले कोणास ठाऊक, अन् गावात जो तो पाठीवर पंप घेऊन फवारत सुटला. माह्या नवऱ्याचे डोळे लाल होऊन सुजले, दवाखाना झाला. अन् ही पोरगी फवारलेल्या कपाशीच्या तासात घुसायची. मागून कितीही बोंबला, तिले कुठं ऐकू येते? एकदा ओली बोंडं तोंडाजवळ नेताना धरली तिले. मंग म्हणलं, इथं मरण्यापेक्षा शाळेत राहो, चार अक्षरं शिको.

शाळेत पहिल्या दिवशी पालकाइची सभा होती. मोठ्या सरांनी वर्गात भिंतीवरचा कॅमेरा दाखवला. “आता तुमचं लेकरू कायम आमच्या नजरेसमोर. काही झालं तर लगेच दिसतं. पुढं तुम्हालाही घरबसल्या मोबाइलवर बघता येईल.” त्याइच्या खोलीत टीव्ही होता, त्याच्यावर चौकोन चौकोन, अन् एका चौकोनात माही पोरगी बाकावर बसलेली दिसली. खरं सांगते, माह्या जीवात जीव आला.

निघताना पोरगी पदर सोडत नव्हती. मी तिले सरांच्या खोलीत नेलं, चौकोन दाखवला. परत वर्गात आणलं, कॅमेरा दाखवला. चिमटी केली, डोळ्याले बोट लावलं, तिच्याकडं बोट केलं. माय पाहते तुले. तिले लगेच समजलं. हसली अन् पदर सोडला. मी आमच्या जानेफळच्या एसटीत बसून घरापर्यंत रडत आली, पण मन हलकं होतं.

दिवाळीले आणली तर ती माही पोरगी नव्हतीच. दोन्ही हात काखेत दाबून बसे. मी चिमटी केली, पंप केला, तिच्या आवडीचा लाडू वळून दाखवला. ती तोंड फिरवे. काय झालं म्हणून इचारलं तर माह्याकडं अशी पाहे की मीच तिचं वाटोळं केलं. अन् लाइट गेली की जे किंचाळे! भिंतीले चिकटून बसे, जवळ गेलेल्याले चावे. बापाचा हात फोडला तिनं.

सुट्टी सरली तरी तिले शाळेत धाडवलं नाही. मंग एक दिवस तिले घेऊन कृषी केंद्रात गेली. तिथंही दाराच्या वर कॅमेरा होता. पोरीनं वर पाह्यलं, बाहेर गेली, दगड उचलला अन् नेम धरून मारला. दुकानदार अंगावर धावून आला. “वेडी आहे का वं ही?” मी हातापाया पडली, पण डोक्यात काहीतरी लखकन झालं. कॅमेऱ्यावरच काऊन राग?

दुसऱ्या दिवशी पोरीले बापाजवळ ठेवून शाळेत गेली. म्हणलं, माही पोरगी दाखवा त्याच्यात. सर आधी नाही नाही म्हणले. मी उंबऱ्यावर बसली. शेवटी त्याइनं दिवाळीच्या सुट्टीआधीचं लावलं. वर्ग जेवायले गेलेला. माही पोरगी एकटीच आली, बाकावर चढली अन् सरळ माह्याकडं पाह्यलं.

“बघा ताई,” सर म्हणले, “कोणी हात तरी लावतंय का तिला? उलट किती खूश आहे. रोज येऊन अशी नाचते कॅमेऱ्यासमोर.”

नाचते म्हणे! ती चिमटी करत होती. माय. दोन्ही पंजे डोळ्यावर: अंधार. मनगट फिरवलं: कुलूप. नाक दाबलं. पदर ओढला. माय, ये. परत पहिल्यापासून. माय, अंधार, कुलूप, विष, ये. आदल्या दिवशीचं लावलं, तेच. त्याच्या आधीचं लावलं, तेच. शेवटच्या दिवशी तिनं फक्त उताणा पंजा वर केला, हनुवटी उचलली, अन् लय वेळ तशीच उभी राह्यली.

“सर, ही बोलून राह्यली! हिले कोंडत होते तुम्ही!”

“अहो, या शाळेत शिकवतो त्या खुणाच नाहीत. तुम्ही लावाल तो अर्थ. आणि यात आवाज तर येत नाही, पुरावा कसला?”

आवाज येत नाही! ज्या शाळेत एकाही लेकराले आवाज ऐकू येत नाही, तिथं हा माणूस आवाज मागून राह्यला होता. मी उठली अन् वर्गामागं सामानाची कोठी पहिल्या दिवशी पाह्यली होती, तिकडं धावली. बाहेरून कडी-कुलूप, आत दिवा नाही, खिडकी नाही. लेकराइले सांभाळणारी बाई तिथंच उभी होती. मी इचारलं, “घरच्या खुणा करते म्हणून कोंडत होती ना वं तिले?” तिनं हातातली किल्ली पदराखाली लपवली. ऐकू येणाऱ्या कोणाले अंधारात कोंडलं तर तो निदान ओरडून बोलते, कोणाचा आवाज ऐकते. माह्या पोरीले अंधारात काहीच उरत नाही वं. हात असून बोलता येत नाही, समोर कोणी आहे का तेही समजत नाही.

पुढचं आताच सांगून टाकते. त्या चित्राची कॉपी मागतली तर म्हणे अर्ज करा, वरून परवानगी येऊ द्या. परवानगी येईलोक जुनं पुसून गेलं. त्याच्यावर नवं चढत जाते म्हणे. पोरीचं नाव काढून घेतलं, यापेक्षा जास्त काही माह्या हातून झालं नाही. ती कोठी, ती बाई, ती बाकीची लेकरं, सगळं तिथंच राह्यलं.

त्या दिवशी मी अंधार पडायच्या आत घर गाठायले पळत सुटली, कारण उजेड गेल्यावर तिले काय सांगणार? पोरगी ओट्यावर बसली होती, हात काखेत. मी समोर बसली. चिमटी केली, डोळ्याले बोट लावलं. मायनं पाह्यलं. तिनं तोंड फिरवलं. मंग मी तिचंच सगळं तिले करून दाखवलं, जसंच्या तसं. अंधार. कुलूप. विष. ये. तिची मान हळूहळू वळली. काखेतून हात बाहेर आले. लय दिवसांनी ती माह्याशी बोलली.

उताणा पंजा. हनुवटी वर.

माय, तू पाहत होती, तर आली काऊन नाही?

आमच्या खुणा सगळ्या वावरातल्या. कॅमेऱ्यात दिसते पण कोणी पाहत नाही, याची खूण आम्ही कधी केलीच नव्हती. मले रडू फुटलं, अन् मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. तिनं झटका देऊन सोडवले. तिचे हात धरले की तिचं तोंड बंद होते.

अन् हात मोकळे झाल्याबरोबर तिनं परत तेच इचारलं.