काकीच्या फोनवरचा चौकोन

आमच्या घरात कागदाची पाठ कोरी सोडणं हा गुन्हा होता. बाबा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते आणि तिथल्या कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. शाळेतून आले की मी त्यांच्या घड्या घालायचे. बारीक अक्षर, अर्ध्या बोटाचा समास, दोन्ही बाजू भरलेल्या. माणसांकडे काही मागायचं तर त्यांना पूर्ण कारण द्यायचं, हे मी तिथेच शिकले.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचा करार आला. अख्खा इंग्रजीत. रविवारी बिल्डरचा माणूस सह्या घ्यायला येणार होता. ज्यात घर द्यायचं तो कागद वाचताही येऊ नये, याची मला चीड आली. मी पत्रक लिहिलं. करार मराठीत मिळेपर्यंत सही करायची नाही, याला अकरा मुद्दे. ए-फोर पानाचं चित्र केलं आणि बुधवारी चाळीच्या ग्रुपवर टाकलं.

सगळ्यांनी पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या. दोन अंगठे आले. त्याखाली तळमजल्यावरच्या काकीचं गुलाबवालं ‘शुभ सकाळ’.

त्या गुलाबाची पाकळीन् पाकळी स्पष्ट होती. आधी राग आला, मग प्रश्न पडला. तिचं फूल इतकं स्वच्छ कसं?

मी खाली गेले. काकी कोलंबी सोलत होती. फोन डब्याला टेकवून ठेवलेला.

“काकी, माझं पत्रक वाचलंस?”

“तां पत्रक होतां? माका वाटलां मुंग्यांची रांग!”

तिच्या फोनवर बघितलं. चित्र उभं, म्हणून ॲपने फक्त मधला पट्टा दाखवला होता. वरचं शीर्षक कापलेलं, खालची रविवारच्या सभेची वेळ कापलेली. दिसत होते मुद्दे चार ते सात. उघडून मोठं केलं तर अक्षरं बुरशी आल्यासारखी. माझं पान साडेतीन हजार पिक्सेल उंच होतं. पाठवताना ॲपने ते दाबून निम्म्याहून लहान केलं होतं, आणि बारीक अक्षरं त्यात विरघळली होती.

मी तिच्याच खाटेवर बसले आणि एकेक प्रयोग पाठवू लागले. तेच पान फाइल म्हणून पाठवलं. दर्जा शाबूत, पण समोर नुसतं चिन्ह.

“ह्यां कायतरी इलां. दाबू काय? पैशे तर जावचे नाय मां?”

आडवं चित्र पूर्ण दिसलं, पण चिंचोळं. मग चौकोन केला, एक हजार ऐंशी पिक्सेल रुंद, तेवढाच उंच. तो न कापता आला, न विरघळता आला. ॲपला त्यात लहान करण्यासारखं काही सापडलंच नसावं. आता शब्द किती? चाळीस लिहिले तर काकी चष्मा शोधायला लागली. वीस लिहिले तर डोळे बारीक केले. दहा शब्द तिने हात ओले असताना, फोनला न शिवता, घडाघड वाचले: ‘करार मराठीत द्या. तोवर सही नाही. रविवारी अकरा वाजता अंगणात.’

तोच चौकोन ग्रुपवर टाकला. घरी बाबा भडकले. “दहा शब्द? साबण विकतेस काय? मुद्दे कुठे गेले? लोकांना अडाणी समजतेस?”

हे लागलं, कारण हाच आरोप मी स्वतः कित्येकांवर केला होता. “नाही बाबा. त्यांचे हात ओले असतात.”

त्यांना पटलं नाही. जाऊन पत्रकाच्या झेरॉक्स काढून आणल्या, पाठपोट.

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बिल्डरच्या माणसाने टेबलावर कागद मांडले, पेनाचं टोपण काढलं. काकी उठली, फोन हातभर लांब धरला आणि पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. मागून कुणीतरी तेच म्हटलं, मग आणखी चौघांनी.

“पण कारण काय, काकी?” बिल्डरच्या माणसाने विचारलं.

काकीने बाबांच्या गठ्ठ्यातलं एक पान ओढून त्याच्यापुढे केलं. “ह्यां घे. अकरा कारणां आसत.”

त्याने पेनाला टोपण लावलं आणि खिशात चष्मा शोधू लागला.