वही की पुस्तक

आमचे धाकटे भावोजी कस्टममध्ये होते. सोनं-दारू पकडणाऱ्यांतले नव्हेत. त्यांच्या वाट्याला कागद आला होता. परदेशातून आलेली पुस्तकं, कॅलेंडरं, शुभेच्छापत्रं, लेबलं. खोकं फोडायचं, माल चाळायचा आणि तो कुठल्या सदरात बसतो ते ठरवायचं. पुस्तकाला कर नाही, वहीला आहे. सगळी मेख तिथेच.

ऑफिसात त्यांना 'इस्त्री' म्हणत, कारण वागण्यात सुरकुती म्हणून नव्हती. घरीही तीच तऱ्हा. माझी जाऊ म्हणायची, "जाऊबाई, यांना भाजी वाढायची भीती वाटते हो! कुठल्या सदरात घालतील, नेम नाही."

आमच्या गल्लीत शाळेच्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानदार भावोजींचा जिवलग, दोघं एका बाकावर बसून शिकलेले. त्याचा धंदा बसत चालला होता. होतं नव्हतं ते घालून त्याने बाहेरून मुलांची पुस्तकं मागवली. वरच्या अर्ध्या पानावर चित्र आणि गोष्ट, खाली मुलांनी लिहायला रेघा. शाळा उघडायच्या आत माल दुकानात आला तर दुकान तरणार, नाहीतर शटर खाली. सगळी गल्ली हे जाणून होती.

माल नेमका भावोजींपुढे आला. छपाई महत्त्वाची असेल तर पुस्तक, लिहिण्याची जागा महत्त्वाची असेल तर वही, असा त्यांचा नियम. इथे तर अर्धं-अर्धं. परक्याचा माल असता तर भावोजींनी बिनघोर 'पुस्तक' लिहिलं असतं. पण हा पडला दोस्त. इस्त्रीने ओळखीचा माल सोडला, असं कुणी म्हणायला नको. 'वही' लिहून मोकळे झाले.

संध्याकाळी दुकानदार नमुन्याची प्रत घेऊन घरी आला.

"अरे, वाच तरी. हत्तीचं पिल्लू हरवलंय, आई शोधतेय. वहीत कधी हत्ती हरवतो का?"

"खाली रेघा आहेत."

"त्या काय हत्तीने ओढल्या?"

मला हसू फुटलं, पण भावोजींचा चेहरा बघून गिळलं.

"वर अपील कर," ते म्हणाले. "मोठे साहेब ठरवतील."

"तोवर शाळा सुरू होतील रे! आणि एवढा कर मी भरू कुठून?"

"घरी कामाचं बोलायचं नाही."

मी म्हटलं, "भावोजी, पुस्तकच दिसतंय हो हे."

"वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही."

नसेल कळत. पण तो चहाला हात न लावता उठला, ते मला कळलं.

अपील वर गेलं आणि वरच राहिलं. माल कस्टमच्या वखारीत, भिंतीला टेकून. वखारीचं छप्पर गळकं. शाळा सुरू होऊन जुन्या झाल्या, तेव्हा कुठे मोठ्या साहेबांचा निकाल आला: पुस्तकच.

दोघांसमोर खोकी फोडली. कागदाच्या लाद्या झाल्या होत्या. भावोजींनी चाकूच्या टोकाने एक पान सोडवायला बघितलं, तर चित्र सोलून हातात आलं.

दुकानदाराने विचारलं, "आता याला काय लिहिणार?"

सडलेल्या कागदालाही सदर असतं. रद्दी. भावोजींनाच ते लिहावं लागलं. अक्षर नेहमीसारखंच ठाशीव होतं, असं तिथला शिपाई सांगत होता. मला नाही ते पटत.

दुकान गेलं. दोस्त दुसऱ्याच्या दुकानात पुडकी बांधायला लागला. भावोजी तो रस्ता टाळून लांबून घरी यायचे. जेवण सुटलं, माझ्या जावेशी बोलणं तुटलं. शेवटी एक दिवस मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला बरोबर. एकट्याने पाय उचलत नाही."

गेलो. तो सुतळी आवळत होता.

भावोजी म्हणाले, "चुकलं माझं."

"तुझं कसलं? नियमच तसा होता."

"नियम नव्हता रे तसा. मी घाबरलो."

त्याने वर बघितलं नाही. गाठ मारली, दाताने सुतळी तोडली.

"जरा सरकून उभा राहा," तो म्हणाला. "मागे गिऱ्हाईक आहे."