नळापाशी पुटपुटणाऱ्या सिस्टर

दवाखान्यातल्या सिस्टर नळ सोडून मंत्र पुटपुटतात आणि कुत्रं चावलेला माणूस त्यानं वाचतो, अशी कुजबूज सगळ्या बाजारात होती. कुणी म्हणे मंत्र आईनं दिला, कुणी म्हणे सासूनं. सासू इतकं कामाचं काही देईल, यावर मात्र बायकांचा विश्वास बसेना.

चपला दुरुस्त करणाऱ्या काकांच्या पोटरीला कुत्रं चावलं, तेव्हा त्यांनी आपलीच विद्या चालवली. फाटलं की चिकटवायचं. दातांच्या खुणांवर चपलेचं सोल्यूशन फासलं, वर चामड्याची चकती दाबली आणि पुढचा बूट हातात घेतला.

अर्ध्या तासानं बायको डबा घेऊन आली. "अहो, पायाला ठिगळ कसलं?"

"जरासं लागलंय. कुत्रं."

तिनं डबा खाली ठेवला. "मावशीचा दीर असंच म्हणाला होता. दोन महिन्यांनी पाण्याचा पेला बघून थरथरायला लागला. आठवडा नाही काढला त्यानं. उठा."

सिस्टर ठेंगण्या, चष्मा दोरीला बांधलेला, नोकरीचं एक वर्ष उरलेलं. चकती पाहून त्या हसल्या नाहीत. काकांचं धाबं तिथेच दणाणलं.

"काका, चपला शिवता का?"

"हो."

"मग तेवढंच करत जा."

सिस्टरनी मनगटावरचं घड्याळ खिशात टाकलं, चिमट्यानं चकती सोलली, नळ सोडला, साबण घेतला. आणि ओठ हलू लागले. जन्मभर हातांची कामं पाहिलेला माणूस, पण असे हात पाहिले नव्हते. दाराशी रांग वाढली, डॉक्टर डोकावून गेले. ना हात थांबले, ना ओठ. बाई यमाशी घासाघीस करतायत आणि यम मागं सरकतोय, असं काकांना अगदी दिसत होतं.

मग एक इंजेक्शन जखमेत, एक दंडात. टाका नाही, पट्टी नाही. शिवणाऱ्याला ते खटकलं. "ही जखम बंद करायची नसते," सिस्टर म्हणाल्या.

"लसीच्या कार्डावरची एकही तारीख चुकवलीत, तर दुकानात येऊन टोचीन. गिऱ्हाइकांसमोर."

काकांनी एकही चुकवली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी हात जोडले. "सिस्टर, तो मंत्र..."

"सोपा आहे. बे एके बे."

सिस्टर पाढे म्हणत. घड्याळ भिजू नये म्हणून खिशात असे, आणि दोनपासून तीसपर्यंतचे पाढे सावकाश म्हणायला पंधरा मिनिटं लागतात. रेबीज टाळायचा तर जखम तेवढा वेळ साबणानं, वाहत्या पाण्यात धुवायची आणि मग लस घ्यायची.