बैठकीचं अर्धं दार

आमच्या नव्या घरात आतलं दार कसलं बसवायचं, ते मी ठरवलं. नुकतीच मॅट्रिक झाले होते, घरात माझ्याआधी कुणी झालेलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, श्रीगोंद्याजवळच्या आमच्या उसाच्या रानात विटांचं घर बांधायला काढलं तेव्हा खिडक्या किती, ओटा किती उंच, सगळ्यात माझं तोंड. आप्पा हसून गवंड्याला म्हणायचे, "इंजिनेरीनबाईला इचारा."

प्रश्न उरला तो बैठकीची खोली आणि माजघर यांच्यामधल्या दाराचा. जुन्या घरात तिथं दोन फळ्यांचं जाड दार होतं, त्याला लोखंडी साखळीची कडी. बैठकीत पुरुष बसले की आई ते दार लोटून मागे उभी राहायची. मधेच कडी वाजवायची. आप्पा उठून आत जायचे, ते परत आले की मागोमाग चहा यायचा. कडी म्हणजे चहाची घंटा, असं मी सतरा वर्षं समजत होते. आईचं ते अंधारात दाराला कान लावून उभं राहणं मात्र मला सहन व्हायचं नाही. तिची कीव यायची आणि रागही यायचा.

नगरच्या एका दवाखान्यात मी अर्धी दारं पाहिली होती. छातीएवढी उंच, स्प्रिंगच्या बिजागऱ्यांची, ढकलली की आपोआप मिटणारी. डॉक्टरीणबाई त्या दारावरून बघून पुढच्या पेशंटला हाक मारायच्या. त्यांना कुणाच्या मागे लपावं लागत नव्हतं. माझं तिथंच ठरलं.

सुतारमामांनी रंधा थांबवून विचारलं, "अर्ध्या दाराला कडी कुटं बसवू, ताई?"

"कडी कशाला? चहा झाला की आई दारावरून सांगेल."

आई एवढंच म्हणाली, "मला पुरं दार पायजे हुतं." त्यावर मी तिला नव्या पद्धतीच्या घरांवर चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. आप्पांना ते दार साहेबाच्या हापिसातल्यासारखं वाटलं, त्यामुळे ते खूश होते. दार बसलं तेव्हा शेजारपाजारच्या बायका येऊन ढकलून बघून गेल्या.

त्याच उन्हाळ्यात मला बघायला पाहुणे आले. मुलगा साखर कारखान्यात कारकून होता. मला जूनपासून नगरच्या कॉलेजात जायचं होतं. होस्टेलचा फॉर्मसुद्धा आणून ट्रंकेत ठेवला होता. आईला सगळं ठाऊक होतं. "मी बघते, तू गप ऱ्हा," ती म्हणाली होती. आई 'बघते' म्हणाली की ती गोष्ट होते, हा माझा अनुभव. ती कशी होते, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

पाहुणे बैठकीत बसले. आई नेहमीसारखी दारापाशी गेली, तर नेमके समोर मुलाचे वडील. नजरेला नजर भिडली. तिने पदर पुढे ओढला, मागे सरली आणि थेट मागच्या चुलीपाशी जाऊन बसली. तिथं बैठकीतलं एक अक्षर ऐकू येत नाही.

मी पोहे देऊन आत आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मुलाचे वडील म्हणाले, "आमाला पोरगी पसंत हाय. ह्याच उन्हाळ्यात उरकून टाकू."  आप्पांनी दाराकडे पाहिलं. पाहुण्यांनी पुन्हा विचारलं. आप्पा खाकरले, थांबले, पुन्हा दाराकडे बघत राहिले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बैलजोडी घेताना, चुलत्यांशी बांधाचा तंटा मिटवताना, दर वेळी आप्पा कडी वाजल्यावर आत गेले होते आणि बाहेर येऊन वेगळंच काही बोलले होते. चहा नावाला होता. आमचं घर त्या दारामागून चाललं होतं, आणि मी शहाणीने ते सुताराकडून अर्धं करून घेतलं होतं.

आतून काही आवाज आला नाही, म्हणजे आईची हरकत नाही, असं आप्पांनी धरलं. "मग आमची बी तयारीच..." ते बोलू लागले.

आईला बोलवायला वेळ नव्हता. मी दार ढकललं आणि बैठकीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. "मला कॉलेजात जायचंय. इतक्यात लग्न करायचं नाही." माझा आवाज कापला नाही, आणि याचा मला आजही अभिमान आहे.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "पोरगी सोताच बोलती म्हनल्यावर आमी काय बोलायचं," असं म्हणून ते टोपी सावरत उठले.

पाहुण्यांना वाटेला लावून आप्पा परत आले आणि थेट मागे चुलीपाशी गेले. मीही मागोमाग गेले.

"कडी का वाजवली न्हाईस?" त्यांनी आईला विचारलं.

"कुटं हाय कडी?"

 आता आप्पा माझ्यावर घसरणार, म्हणून मी तयारीत होते. पण ते आईकडेच वळून म्हणाले, "मंग आता तोंडानं सांग. तुजं काय म्हननं हाय?"

आईने चुलीतली लाकडं मागे ओढली. पाट पुसून त्यांच्यापुढे सरकवला.

"बसा," ती म्हणाली. "ईस वर्साचं हाय."