झाकण कंपनीचं, आतलं सलीमभाईंचं

दुरुस्तीच्या दुकानात स्क्रू हरवतात, किस्से मात्र साठत जातात. आमच्या औरंगाबादेतल्या सलीमभाईंच्या लॅपटॉपच्या दुकानात तर ते ठेवायला जागा नव्हती. मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये असिस्टंट, रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. सलीमभाईंना एकच नाद होता. कंपनीने लॅपटॉपवर जी सिस्टिम दिली असेल ती काढायची आणि दुसरीच चालते का ते बघायचं. कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "देखने में क्या जाता है, सर?"

*

पहिला बळी माझाच लॅपटॉप. त्यावरचं विंडोज काढून त्यांनी लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. सगळं झकास चालायला लागलं, फक्त आवाज गेला. चार दिवस आम्ही दोघं डोकं लावत होतो. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "राहू द्या हो असंच. चार दिवस झाले, घरात कॉमेंटरी नाही."

*

शहर तेव्हा बायपासच्या पलीकडे पळत सुटलं होतं. तिकडे प्लॉट विकणारे एक देशमुख होते. त्यांनी सफरचंदाचं चित्र असलेला महागडा लॅपटॉप आणला आणि म्हणाले, "यात विंडोज टाका. आमचे नकाशे त्यातच उघडतात."

मला राहवलं नाही. विचारलं, "मग साधा विंडोजवालाच घ्यायचा होता की! हा कशाला घेतला?"

देशमुखांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "सर, गिऱ्हाईक समोर बसतं. त्याला झाकणच दिसतं."

*

दुष्काळाची सालं होती ती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. एकदा एका मशीनवर लिनक्स चढवताना काम त्र्याण्णव टक्क्यांवर अडकलं. अर्धा तास जागचं हलेना. तेवढ्यात भाभींचा फोन आला, नळ आला म्हणून. सलीमभाई सगळं तसंच टाकून घरी पळाले. दीड तासाने परत येऊन बघतात तर काम पूर्ण झालेलं.

तेव्हापासून कुठलंही मशीन अडकलं की त्यांचा एकच सल्ला असे, "हात मत लगाओ. पानी भरके आओ."

*

त्याच उन्हाळ्यात सविता आली. देवगाव रंगारीच्या पुढे तिची वस्ती, घरची मेंढरं, आणि ती शहरात बी.ए. करणारी. वस्तीला टँकर पाहिजे होता. ग्रामसेवकाने एक फाईल दिली होती. तीत घरटी नाव आणि माणसं भरून रविवारी पाचच्या आत मेल केली, तरच सोमवारी प्रस्ताव पुढे जाणार होता. सविताकडे मामेभावाने दिलेला सफरचंदवाला जुना लॅपटॉप होता, पण त्यात ती फाईलच उघडेना. कंपनीने त्याला नवी सिस्टिम देणं कधीच बंद केलेलं.

सलीमभाईंनी लिनक्स टाकलं, फाईल उघडली, पोरगी खुशीत गावी गेली. रविवारी सकाळी तिचा फोन आला, "चाचा, मोबाईलवरनं वायफायच लागंना."

आमच्या दुकानात नेट वायरने यायचं, त्यामुळे वायफाय तपासायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नेटवरून उतरवावा लागतो, आणि नेट तर वायफायवरच! सलीमभाईंचा चेहरा उतरला. म्हणाले, "गलती मेरी है. चलो." मोबाईलची वायर खिशात घातली आणि आम्ही एसटीने निघालो.

वस्तीवर फोन कसाबसा लागायचा, पण नेट मिळायचं फक्त पाण्याच्या टाकीवर. टाकी जानेवारीपासून कोरडी. शिडी चढून आम्ही तिघं वर गेलो, मोबाईल वायरने लॅपटॉपला जोडला, आणि चार वाजता नेट लागलं. सविताची यादी मात्र अर्धीच होती. माणसं मेंढरांमागे रानात, घरं कुलपात, विचारणार कुणाला?

मी सहज खाली वाकून बघितलं. खाली हंड्यांची रांग लागली होती. टाकीवर माणसं दिसली म्हणजे पाणी सोडतायत, असं समजून पार रानातून बाया धावत आल्या होत्या.

"पाणी नाय गं!" सविता वरून ओरडली. खाली एकही हंडा जागचा हलला नाही. मला तिथून उतरून पळून जावंसं वाटलं.

सविताने डोळे पुसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. "आल्याच हायसा तर एकेकीनं नाव सांगा. घरात माणसं किती?"

रांग पुढे सरकायला लागली. शेवटी एक म्हातारी उरली. "माणसं चार," ती म्हणाली, "मेंढरं साठ."

"आजी, यात माणसंच लिवायची हायती."

"का? मेंढरं काय पाणी पीत नाय व्हय?"

सविताने स्क्रीनकडे बघितलं. पाचाला वीस मिनिटं कमी होती. सलीमभाईंनी नुसतं घड्याळ दाखवलं. तिने सरकारी तक्त्यात शेवटी एक नवा रकाना टाकला आणि कठड्यावरून वाकली.

"पहिल्यापासून सांगा परत. मेंढरं किती?"

यादी पाचच्या आत गेली, मेंढरांसकट.