वडे गार होतायत

टीव्हीवर लोकसभेत नुसता गोंधळ चाललेला. त्यातच आवाजी मतदान झालं आणि चर्चेविना विधेयक मंजूर! अरे, वाचलं तरी कुणी? वैतागून मी हातातला बटाटावडा तोंडाशी नेला, आणि त्या वासासरशी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची जुनी सभा आठवली.

गच्चीत वड्यांचा घमघमाट सुटलेला. सेक्रेटरींनी ठराव मांडला, तसे बाबा उभे राहिले. "अहो, आधी पूर्ण वाचून तरी दाखवा!"

"बसा हो, वडे गार होतायत!" सगळे ओरडले, "मंजूर, मंजूर!" भुकेने मीही बाबांचा शर्ट ओढत होते.

पुढच्याच आठवड्यात आमच्या खेळायच्या जागेवर पार्किंगचे पट्टे मारले गेले. तेच शेजारी तणतणत बाबांकडे आले. "काय हो, सभेत तुम्ही बोलायचं नाही का?"